विश्लेषण : ऑपरेशन यशस्वी, तरी आठव्या दिवशी रुग्ण का ढासळतो?

मेंदूजवळची फुगलेली रक्तवाहिनी फुटते. रुग्ण वेळेत रुग्णालयात पोहोचतो, शस्त्रक्रिया होते, तो शुद्धीवर येतो, घरच्यांना ओळखतो, चार घास खातो. मग सहाव्या-आठव्या दिवशी त्याची जीभ अडखळू लागते, एक हात उचलेनासा होतो, तो गुंगीत जातो. नातेवाइकांची समजूत होते की ऑपरेशन बिघडले. प्रत्यक्षात अनेकदा ऑपरेशन उत्तम झालेले असते आणि तरीही मेंदूला दुसरी इजा होत असते. वैद्यकशास्त्रात तिला ‘डिलेड सेरेब्रल इस्किमिया’ म्हणतात. म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा उशिराने तुटणे. ती साधारण कोणत्या दिवसांत होते, हे आधीपासून माहीत असते. तिच्यावरचे सर्वांत खात्रीचे औषध ही एक साधी गोळी आहे. तरीही रुग्णालयांचा कारभार, विम्याची पॅकेजेस आणि कुटुंबांची समजूत हे सारे ‘ऑपरेशन’ या एका शब्दाभोवती फिरत राहते. पुढचे दोन आठवडे हाही उपचारच आहे, हे मान्य केल्याशिवाय या आजारातले टाळता येण्याजोगे अपंगत्व कमी होणार नाही.

हा रक्तस्राव नेमका कुठे होतो?

मेंदूभोवती तीन आवरणे असतात. बाहेरचे जाड, मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे आणि आतले मेंदूला चिकटलेले, अगदी पातळ. मधल्या आणि आतल्या आवरणांमधल्या जागेत पाण्यासारखा द्रव खेळत असतो आणि मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या याच जागेतून जातात. या धमन्या जिथे दुभंगतात तिथे भिंत कमकुवत असेल, तर वर्षानुवर्षांच्या दाबाने तिथे छोटा फुगा तयार होतो. त्याला ‘ॲन्युरिझम’ म्हणतात. साधारण तीन टक्के प्रौढांच्या मेंदूत असा फुगा असू शकतो आणि त्यातले बहुतेक आयुष्यभर फुटत नाहीत. फुटला तर रक्त मेंदूच्या आत न शिरता मुख्यतः मेंदूभोवती पसरते. हाच ‘सबॲरॅक्नॉइड हॅमरेज’. डोक्याला मार लागूनही या जागेत रक्त येते. पण मार न लागता झालेल्या अशा रक्तस्रावांपैकी सुमारे ८५ टक्के फुगा फुटल्यामुळे होतात.

पक्षाघाताच्या सर्व प्रकारांत याचा वाटा सुमारे पाच टक्केच आहे. मात्र हा आजार पन्नाशीच्या आसपासच्या, कमावत्या आणि घर सांभाळणाऱ्या माणसांना गाठतो. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आहे. उच्च रक्तदाब आणि धूम्रपान ही त्याची टाळता येण्याजोगी दोन मोठी कारणे. डोक्यात सुरुंग फुटावा तशी क्षणार्धात टोकाला जाणारी डोकेदुखी ही त्याची खूण. आयुष्यात अशी डोकेदुखी कधी झाली नव्हती, असे रुग्ण सांगतात. सोबत उलटी, मान आखडणे, काही वेळ शुद्ध हरपणे असे प्रकार होतात.

पहिली लढाई कोणती?

फुटलेला फुगा पुन्हा फुटू न देणे, ही पहिली लढाई. पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो आणि तो झाला तर बहुतेकदा जीवावर बेततो. म्हणून फुगा शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत बंद करण्याकडे आज कल आहे. त्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे कवटी उघडून फुग्याच्या मानेला धातूची चिमटी लावणे, म्हणजे क्लिपिंग. अमेरिकी शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये अशी पहिली शस्त्रक्रिया केली. दुसरा म्हणजे मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची गुंडाळी भरणे, म्हणजे कॉइलिंग.

या दोन्ही मार्गांची तुलना करणारी मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत २,१४३ रुग्ण होते आणि त्यांतले बहुतेक चांगल्या स्थितीत दाखल झालेले होते. वर्षभरानंतर मृत्यू पावलेले किंवा इतरांवर अवलंबून राहिलेले रुग्ण कॉइलिंगच्या गटात २३.७ टक्के होते, तर क्लिपिंगच्या गटात ३०.६ टक्के. तेव्हा चर्चा झाली ती कॉइलिंग सरस ठरल्याची. पण याच आकड्यांत दुसरी गोष्टही आहे. फुगा चांगल्या रीतीने बंद करण्याची सोय असूनही सरस गटातल्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांचे आयुष्य पूर्ववत झाले नाही. त्यातले काही नुकसान पहिल्या तडाख्यातच झालेले असणार. पण सगळे नाही. काही नुकसान नंतरच्या दिवसांत होते.

मग चौथ्या दिवसानंतर काय घडते?

फुगा बंद झाला तरी सांडलेले रक्त मेंदूभोवती तसेच असते. पुढच्या काही दिवसांत त्यातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात आणि हिमोग्लोबिन बाहेर पडते. रक्तवाहिन्या सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड हे हिमोग्लोबिन शोषून घेते. दुसरीकडे रक्तवाहिन्या आवळणारी रसायने वाढतात. रक्तात बुडालेल्या धमन्या बाहेरून आत आवळत जातात. हे आकुंचन साधारण तिसऱ्या दिवशी सुरू होते, सातव्या ते दहाव्या दिवसांत टोकाला जाते आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरते. म्हणून चौथा ते चौदावा दिवस हा धोक्याचा काळ मानला जातो. पहिल्या हल्ल्यातून वाचलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के रुग्णांना या काळात दुसऱ्या इजेचा सामना करावा लागतो.

हे आकुंचन वैद्यकशास्त्राला नवे नाही. पोर्तुगालचे एगास मोनीझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत शोधली. तिच्या आधारे अमेरिकेतील एकर आणि रिमेनश्नायडर यांनी १९५१ मध्ये फुगा फुटलेल्या रुग्णांच्या अरुंद झालेल्या धमन्या दाखवून दिल्या. पुढे अनेक शल्यविशारद दोन आठवडे थांबून मगच शस्त्रक्रिया करत. ऐंशीच्या दशकातल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातही सातव्या ते दहाव्या दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांचे हाल सर्वांत वाईट ठरले. आवळलेल्या धमन्यांच्या मेंदूला शस्त्रक्रियेचा ताण सोसत नाही, असा त्याचा अर्थ.

यात एक बारकावा महत्त्वाचा आहे. हे दिवस मोजायचे ते रक्तस्रावापासून. रुग्णालयात दाखल झाल्यापासून किंवा ऑपरेशनपासून नव्हे. डोकेदुखीला मायग्रेन किंवा पित्त समजून चार दिवस घरी गोळ्या घेत काढलेला रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचतो तेव्हा कागदावर त्याचा पहिला दिवस असतो, पण मेंदूचा पाचवा.

रक्तवाहिनी रुंद केली की प्रश्न सुटतो का?

अनेक दशके वैद्यकशास्त्राचा समज तसाच होता. धमनी आवळते, रक्त कमी पोहोचते, मेंदूचा तुकडा मरतो. तेव्हा धमनी मोकळी ठेवा. हा समज क्लॅझोसेंटन या औषधाने कसोटीला लावला. रक्तवाहिनी आवळणाऱ्या एंडोथेलिन या रसायनाचा मार्ग ते अडवते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या औषधाने धमन्यांचे आकुंचन लक्षणीय कमी केले. मात्र २०११ मधल्या हजाराहून अधिक रुग्णांच्या पुढच्या चाचणीत रुग्ण बरे होण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. जपानने स्वतःच्या चाचण्यांच्या आधारे २०२२ मध्ये या औषधाला मंजुरी दिली. इतरत्र ते मुख्य उपचार बनू शकले नाही. मॅग्नेशियमच्या २०१२ च्या आणि कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या २०१४ च्या मोठ्या चाचण्यांनीही निराशाच केली.

यातून उमगले ते असे की, चित्रात दिसणारे आकुंचन आणि मेंदूला होणारी इजा या दोन गोष्टी एकमेकींशी निगडित असल्या तरी एकच नाहीत. तपासणीत सुमारे दोन तृतीयांश रुग्णांच्या धमन्या अरुंद दिसतात. त्रास मात्र त्यातल्या साधारण निम्म्यांनाच होतो. उलट काहींच्या मोठ्या धमन्या ठीक दिसतात आणि तरीही मेंदूचा भाग मरतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वाहिन्या आवळणे, त्यांत सूक्ष्म गुठळ्या होणे, दाह आणि मेंदूच्या पृष्ठभागावर पसरणारी विद्युत मंदीची लाट अशी इतर कारणे आता पुढे आली आहेत. या लाटेचे वर्णन ब्राझीलचे शास्त्रज्ञ लेआंव यांनी सशांवरच्या प्रयोगांतून १९४४ मध्येच केले होते. निरोगी मेंदू अशा लाटेतून सावरतो. रक्तपुरवठा आधीच तुटपुंजा असलेला मेंदू सावरेलच असे नाही.

म्हणूनच २०१० मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने या इजेची व्याख्या स्कॅनपेक्षा रुग्णाच्या स्थितीवर बेतली. शरीराच्या एखाद्या भागात नवी कमजोरी किंवा बोलण्यात नवा दोष येणे, अथवा शुद्धीच्या मोजपट्टीवर किमान दोन गुणांची घट होणे. हे किमान तासभर टिकणे आणि त्यामागे दुसरे कारण न सापडणे. इथे ‘तासभर’ हा शब्द महत्त्वाचा. रुग्णाकडे सहा तासांनी एकदा पाहणाऱ्या व्यवस्थेला ही इजा वेळेत सापडूच शकत नाही.

एका साध्या गोळीला इतके महत्त्व का?

या आजारात रुग्णांची अंतिम स्थिती सुधारते हे चाचण्यांत सिद्ध झालेले औषध म्हणजे निमोडिपीन. ब्रिटनमधील ५५४ रुग्णांची चाचणी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. गोळी मिळालेल्यांपैकी २२ टक्के रुग्णांच्या मेंदूचा भाग मृत झाला. न मिळालेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होते. मृत्यू किंवा गंभीर अपंगत्वही ३३ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. गंमत अशी की हे औषध मोठ्या धमन्यांचे आकुंचन फारसे कमी करत नाही. ते कसे उपयोगी पडते याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. उपयोगी पडते हे नक्की.

पण त्याची शिस्त कडक आहे. ६० मिलिग्रॅम, दर चार तासांनी, सलग २१ दिवस. ३० मिलिग्रॅमच्या गोळ्या धरल्या तर दिवसाला १२ आणि एकूण २५२ गोळ्या. रात्री बाराची आणि पहाटे चारचीही चुकवायची नाही. गिळता येत नसेल तर नाकातल्या नळीतून द्यायची. या औषधाने रक्तदाब उतरू शकतो. तसे झाले की मात्रा अर्धी करून दर दोन तासांनी देणे हा मार्ग असतो, सरसकट बंद करणे नव्हे. अमेरिकी हृदय व पक्षाघात संघटनांची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वेही गोळीतला खंड आणि वाढलेली इजा यांचा संबंध नोंदवतात. कॉइलच्या खर्चापुढे या गोळीची किंमत किरकोळ आहे. तिला लागते ते मनुष्यबळ आणि वक्तशीरपणा. घरी सोडलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर ही शिस्त कुटुंबावर येते. चिठ्ठीवर इतर गोळ्यांच्या रांगेत ती लिहून दिली आणि २१ दिवसांचे महत्त्व कोणी समजावले नाही, तर ती ‘आता बरे वाटते’ म्हणून बाराव्या दिवशी बंद होते.

धोका ओळखायचा कसा?

शुद्धीवर असलेल्या रुग्णासाठी सर्वांत संवेदनशील यंत्र म्हणजे त्याला ओळखणारी परिचारिका. नाव काय, आज वार कोणता, दोन्ही हात समोर धरा, हसून दाखवा, ही दर तासाची विचारपूस नातेवाइकांना निरर्थक वाटते. पण काल चटकन उत्तर देणारा माणूस आज विचार करून उत्तर देतो आहे, हा फरक तिथेच कळतो. सोबत ‘ट्रान्सक्रेनियल डॉपलर’ ही कानशिलावरून करायची सोनोग्राफी उपयोगी पडते. धमनी अरुंद झाली की नळीचे तोंड दाबल्यावर पाण्याची धार वाढते तसा रक्ताचा वेग वाढतो. मेंदूच्या मधल्या धमनीत तो सेकंदाला १२० सेंटिमीटरच्या वर गेला तर शंका घ्यायची, २०० च्या वर गेला तर तीव्र आकुंचन गृहीत धरायचे. ही तपासणी खाटेजवळ, रोज, विकिरणांशिवाय करता येते. बेशुद्ध किंवा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला मात्र प्रश्न विचारता येत नाहीत. तिथे रक्तपुरवठा दाखवणारा सीटी स्कॅन आणि मेंदूच्या विद्युत लहरींची सलग नोंद यांचा आधार घ्यावा लागतो.

शिवाय गुंगी आली म्हणजे हीच इजा, असे नसते. मेंदूतले पाणी साचणे, झटका येणे, जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम घटणे यांनीही रुग्ण असाच दिसतो. या आजारात सोडियम घटणे नेहमीचेच. एरवी सोडियम कमी झाले की पाणी कमी द्यायची पद्धत असते. इथे मात्र तसे केल्याने मेंदूचा भाग मरण्याचा धोका वाढतो, असे १९८५ च्या डच अभ्यासातून पुढे आले. म्हणजे एका आजारातले योग्य उत्तर दुसऱ्या आजारात घातक ठरते. यासाठीच हे रुग्ण नित्य हाताळणारे पथक लागते. अमेरिकेच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्षाला दहाहून कमी असे रुग्ण पाहणाऱ्या रुग्णालयांनी ते ३५ हून अधिक पाहणाऱ्या केंद्रात लवकर पाठवावेत, असे सुचवले होते ते उगीच नाही.

लक्षणे दिसल्यावर हातात काय उरते?

शरीरातले द्रवाचे प्रमाण योग्य राखणे हा पाया. एकेकाळी भरपूर सलाइन, उच्च रक्तदाब आणि पातळ रक्त असा तिहेरी उपाय प्रतिबंध म्हणून केला जाई. त्याने हृदय आणि फुप्फुसांवर ताण येतो, हे दिसल्यावर तो मागे पडला. आता लक्षणे दिसलेल्या रुग्णाचा रक्तदाब औषधांनी जाणीवपूर्वक वाढवला जातो. याचा पुरावा मात्र अपुरा आहे. नेदरलँड्समधील चाचणी मध्येच थांबवावी लागली आणि तिचा अहवाल २०१८ मध्ये आला, तो लाभ सिद्ध न करताच. तेवढ्याने सुधारणा नसेल तर पुन्हा नळी घालून धमनी छोट्या फुग्याने रुंद करतात किंवा तिच्यातच औषध सोडतात.

अलीकडची सर्वांत आशादायी बातमी अगदी साध्या उपायाची आहे. कमरेत नळी घालून रक्तमिश्रित द्रव हळूहळू बाहेर काढायचा, म्हणजे विष तयार करणारे रक्तच कमी होईल. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि कॅनडातील २८७ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी वाईट स्थितीतल्या रुग्णांचे प्रमाण त्यामुळे सुमारे ४५ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आले. प्रत्येक रुग्णाला हा उपाय चालत नाही. मेंदूवरचा दाब पाहूनच निर्णय घ्यावा लागतो. तरी दिशा स्पष्ट आहे. या क्षेत्रात अंतिम स्थिती सुधारणारे जे थोडे उपाय सापडले, ते झगमगाटी नाहीत. वेळ पाळणे, द्रव मोजणे, पुन्हा पुन्हा पाहणे यांवरच ते उभे आहेत.

महाराष्ट्रात अडते कुठे?

अडचण पहिल्या डोकेदुखीपासून सुरू होते. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या रक्तस्रावाच्या सुमारे १२ टक्के रुग्णांचे निदान पहिल्या भेटीत चुकले होते आणि सर्वाधिक वेळा ते मायग्रेन किंवा तणावाची डोकेदुखी समजले गेले. सीटी स्कॅन हाताशी असलेल्या देशातली ही स्थिती. चांगल्या यंत्रावर पहिल्या सहा तासांत केलेला सीटी स्कॅन हा रक्तस्राव क्वचितच चुकवतो. नंतर रक्त फिके पडत जाते. राज्यात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका सेवा आहे. पण मेंदूचे शल्यविशारद, नळीद्वारे उपचार करणारे तज्ज्ञ आणि मेंदूसाठीचे अतिदक्षता विभाग मुख्यतः मोठ्या शहरांतच एकवटलेले आहेत. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या दुर्गम तालुक्यातून निघालेला रुग्ण दोन-तीन रुग्णालये फिरून शहर गाठतो, तोवर धोक्याच्या काळाची घंटा वाजू लागलेली असते.

दुसरी अडचण पैशाच्या रचनेत आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली करण्याचा आणि मर्यादा पाच लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. हे पाऊल मोठे आहे. पण अशा योजना मुख्यतः ठरावीक प्रक्रियेला ठरावीक रक्कम या पद्धतीने चालतात. क्लिप लावणे ही प्रक्रिया आहे. दहाव्या रात्री तीन वाजता रुग्णाला उठवून नाव विचारणे ही प्रक्रिया नाही. रक्कम एकदाच मिळणार असेल, तर प्रत्येक वाढीव दिवस रुग्णालयाच्या खिशातून जातो आणि रुग्णाला लवकर हलवण्याचा मोह तयार होतो.

योजनेबाहेर, रोजच्या बिलावर चालणाऱ्या खासगी रुग्णालयांत दबाव उलट्या दिशेचा असतो. तिथे प्रत्येक दिवसाचे पैसे लागतात. रुग्ण बोलतो-चालतो आहे, मग आयसीयूत कशाला, असा प्रश्न कुटुंबाला पडतो आणि बिल वाढवण्याचा डाव असल्याची शंका येते. ही शंका नेहमी चुकीचीच असते असे म्हणता येणार नाही. अनावश्यक मुक्कामाचे अनुभव लोकांच्या गाठीशी आहेत. पण या एका आजारात त्या अविश्वासाची किंमत रुग्णाला मोजावी लागू शकते. शेत गहाण टाकून दागिने मोडून आणलेले पैसे संपले म्हणून सहाव्या दिवशी सहीवर घरी नेलेला रुग्ण नेमका धोक्याच्या शिखरावर असतो. एक रचना रुग्णाला लवकर बाहेर ढकलते, दुसरी कुटुंबाला रुग्ण लवकर बाहेर काढायला लावते. परिणाम एकच.

चौदा दिवस आयसीयू सर्वांना परवडेल का?

परवडणार नाही आणि तशी गरजही नाही. आयसीयूच्या खाटा अपुऱ्या आहेत, त्या एका आजाराने अडवून ठेवता येणार नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. पण धोका सर्वांना सारखा नसतो. पहिल्या स्कॅनमध्ये रक्ताचा थर जाड असेल किंवा दाखल होताना रुग्णाची स्थिती वाईट असेल, तर धोका जास्त. रक्त कमी सांडलेले आणि पूर्ण शुद्धीत असलेले रुग्ण काही दिवसांनी आयसीयूबाहेर, पण प्रशिक्षित परिचारिकांच्या नजरेखाली ठेवता येतात. मधल्या पायरीचा असा कक्ष अनेक ठिकाणी नसतो. रुग्ण एक तर महागड्या आयसीयूत असतो किंवा एका परिचारिकेवर डझनावारी रुग्ण सोपवलेल्या वॉर्डात. खरी उणीव इथे आहे आणि ती यंत्रांपेक्षा माणसांची आहे.

म्हणून मागणी नेमकी असायला हवी. सरकारी योजनांनी आणि विमा कंपन्यांनी या आजाराचे पॅकेज ऑपरेशनपुरते न ठरवता रक्तस्रावापासूनच्या किमान चौदा दिवसांचे निरीक्षण आणि २१ दिवसांची निमोडिपीन त्यात वेगळी धरावी. रुग्णालयाने दर तासाच्या नोंदींचा तक्ता दाखवला तरच ती रक्कम द्यावी, म्हणजे उगाच वाढवलेल्या मुक्कामालाही आळा बसेल. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मधल्या पायरीचे कक्ष आणि डॉपलर शिकलेले तंत्रज्ञ हवेत. जिल्हा रुग्णालयाने अशा रुग्णाच्या चिठ्ठीवर रक्तस्रावाची तारीख आणि वेळ ठळक लिहून पाठवावी. यातली एकही गोष्ट नव्या शोधाची वाट पाहत अडलेली नाही.

वाचल्यानंतरचे आयुष्य कसे असते?

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेतली अभिनेत्री एमिलिया क्लार्क हिला २०११ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी हा रक्तस्राव झाला. तिने २०१९ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’मध्ये लिहिलेल्या लेखात ऑपरेशननंतरच्या एका रात्रीची हकिगत आहे. परिचारिकेने नाव विचारले आणि तिला स्वतःचे नाव सांगता येईना. तोंडातून अर्थहीन शब्द येत होते. तिला पुन्हा अतिदक्षता विभागात हलवण्यात आले आणि सुमारे आठवडाभराने वाचा परतली. तिच्या बाबतीत नेमके काय घडले, यावर बाहेरून निदान करणे योग्य नाही. पण तो बदल पकडला गेला तो एका साध्या प्रश्नामुळे, ऑपरेशन होऊन बरेच दिवस लोटल्यानंतर.

ती पुन्हा उभी राहिली. अनेक जण चालत घरी जातात आणि तरीही पूर्वीसारखे नसतात. विसराळूपणा, लवकर येणारा थकवा, चिडचिड, उदासी, हिशेबात होणाऱ्या चुका या तक्रारी महिनोन्‌महिने राहतात. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो म्हणून घरात आणि कामावर त्याला आळशी ठरवले जाते. स्मृती आणि वाचेचे पुनर्वसन, मानसोपचार आणि टप्प्याटप्प्याने कामावर परतणे हेही उपचारच आहेत.

कुटुंबाने काय लक्षात ठेवावे?

क्षणात टोकाला गेलेली डोकेदुखी आली की ती पहिल्यांदा कधी झाली याची वेळ लिहून ठेवावी आणि थेट सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. फुगा बंद झाल्यावर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : रक्तस्रावापासून आज कितवा दिवस आहे? या रुग्णाला उशिराच्या इजेचा धोका किती आहे? निमोडिपीन किती तारखेपर्यंत द्यायची आहे? या काळात रुग्ण नेहमीपेक्षा गुंगीत वाटला, उत्तरे चुकू लागला, घास एका बाजूने गळू लागला किंवा हात लटका पडला, तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नये. त्याच क्षणी परिचारिकेला सांगावे. रुग्णाला रोज पाहणाऱ्या घरच्या माणसाची ‘काहीतरी वेगळे वाटते आहे’ ही तक्रार कर्मचाऱ्यांनीही उडवून लावू नये.

आणि डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी, ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही घेतानाच, कुटुंबापुढे चौदा दिवसांचे कॅलेंडर ठेवावे. सातव्या दिवशी तब्येत खालावू शकते, हे आधी सांगितलेले असेल तर तो दिवस उजाडल्यावर कुटुंब डॉक्टरांसोबत उभे राहते. आधी सांगितले नसेल, तर तीच गोष्ट सबब वाटते, नंतर भांडण होते आणि त्या गडबडीत मेंदूचे मोलाचे तास निघून जातात.